आधी कळशी बघू, मग वारसा

गोव्यात जुन्या घरगुती वस्तूंचे फोटो सध्या दोन कारणांसाठी निघतात. एक, विकण्यासाठी: 'तांब्याची कळशी, जुनी, चांगल्या स्थितीत, किंमत बोलून ठरवू.' दुसरं, मिरवण्यासाठी: तीच कळशी किनाऱ्यावरच्या एखाद्या कॅफेच्या कोपऱ्यात उभी, पोटात सुकी फुलं, मागे पिवळा दिवा, आणि खाली 'हेरिटेज' असा हॅशटॅग. पहिल्या फोटोत कळशी म्हणजे धातू. दुसऱ्या फोटोत कळशी म्हणजे आठवण, तीही बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाची तरी. खुद्द कळशीकडे दोन्ही ठिकाणी कोणी बघत नाही.

माझं म्हणणं असं की आपल्याला तिसऱ्या प्रकारच्या फोटोची गरज आहे. त्यात हे काय आहे ते पटकन कळत नाही. एक काळी गोलाई दिसते, तिच्यावरून गेलेली उजेडाची एक रेघ दिसते, खाली राखाडी पट्टा दिसतो. थोड्या वेळाने लक्षात येतं, अरे, ही तर कळशीची मान! असले फोटो मंडळाच्या ग्रुपवर कोणी टाकले की उत्तरं ठरलेली असतात. 'हें कितें?' 'फोन हातातून पडला काय?' आणि जरा गंभीर लोकांचं उत्तर, 'ही सगळी बाहेरची थेरं. आपल्या मातीतलं काहीतरी टाका.' पहिल्या दोन उत्तरांवर मीही हसते. तिसऱ्याशी मात्र मला भांडायचंय. कारण कळशी डिचोलीच्या घरातली, पाणी वाळवंटीच्या काठचं, फोटो काढणारी मुलगी कारापूरची. मग यात मातीबाहेरचं नेमकं काय आहे? फक्त बघण्याची रीत. आणि ती रीतही वाटते तितकी परकी नाही.

हा प्रकार सुरू कुठे झाला ते आधी सांगते, कारण बरेच गैरसमज तिथलेच आहेत. १९१६ चा उन्हाळा. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात ट्विन लेक्स नावाचं ठिकाण. न्यूयॉर्कचा पॉल स्ट्रँड हा पंचविशीतला फोटोग्राफर तिथे राहिला होता. त्याने स्वयंपाकघरातले वाडगे घेतले, एकमेकांना लागून ठेवले, कॅमेरा इतका जवळ नेला की वाडगे वाडग्यांसारखे दिसेनात, आणि फोटो काढला. व्हरांड्यातलं गोल टेबल कलतं केलं, त्यावर कठड्याच्या सावल्या पट्ट्यापट्ट्यांनी पडू दिल्या, आणि फोटो काढला. लांबचा प्रवास नाही, स्टुडिओ नाही, नटवलेली मांडणी नाही. वाडगे, टेबल आणि ऊन, एवढंच भांडवल.

त्या काळी 'कलात्मक' फोटो म्हणजे धूसर फोटो, अशी समजूत होती. फोटो चित्रासारखा दिसला तरच त्याला कला म्हणायचं, म्हणून फोटोग्राफर मुद्दाम कडा पुसट करायचे. स्ट्रँडने उलटी वाट धरली. सेझान, पिकासो यांची चित्रं त्याने न्यूयॉर्कमध्ये बघितली होती. ती चित्रं वरवर तशीच दिसतील असे फोटो काढण्यात त्याला रस नव्हता. चित्र उभं कसं राहतं, आकार एकमेकांना कसे तोलतात, हे त्याला कॅमेऱ्याने शिकून घ्यायचं होतं, आणि तेही कॅमेऱ्याची स्वच्छ, धारदार नजर न सोडता. वाडगे त्याच्यासाठी पाटी-पेन्सिल होते असं म्हणा.

मराठी समीक्षा शिकताना मर्ढेकरांचं 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) आपल्या सगळ्यांच्या वाट्याला येतं, आणि संवाद, विरोध, समतोल हे तीन लयप्रकार परीक्षेसाठी पाठ केले जातात. उत्तर लिहून झालं की ते तिथेच राहतात. मला ते पहिल्यांदा खरे वाटले ते स्ट्रँडच्या वाडग्यांचा फोटो बघताना. वाडग्यांच्या कडांच्या कमानी एकमेकींसारख्या वळतात, हा संवाद. आतला उजळ भाग आणि त्याला लागून असलेली दाट सावली, हा विरोध. आणि एवढं सगळं फिरत-वळत असूनही चौकट कुठे कलंडत नाही, हा समतोल. कलाकृतीचा कस तिच्या विषयात नसून तिच्या घटकांच्या आपसातल्या नात्यांत असतो, हा मर्ढेकरांचा आग्रह पुस्तकात वाचताना कोरडा वाटतो. वाडग्यांसमोर तो डोळ्यांना दिसतो. मर्ढेकर अवघड जात असतील त्यांनी नोट्सऐवजी हा फोटो अर्धा तास समोर ठेवून बघावा, असं मी गंभीरपणे सुचवते.

दुसरीकडे इंग्रजीच्या वर्गात व्हिक्टर श्क्लोव्हस्की येतो. त्याचा तो प्रसिद्ध निबंध १९१७ चा. सवयीने आपण वस्तू ओळखतो पण बघत नाही, आणि ते बघणं परत मिळवून देणं हे कलेचं काम, असा त्याचा साधारण मुद्दा. स्ट्रँडचे वाडगे 'कॅमेरा वर्क' या नियतकालिकात छापून आले तेही १९१७ मध्येच. रशियातल्या समीक्षकाला अमेरिकेतल्या वाडग्यांची खबर असण्याचं काही कारण नव्हतं. पण एकाच सुमाराला दोघांनाही एकच गोष्ट जाणवत होती, की आपण आपल्याच घरात आंधळ्यासारखे वावरतोय.

यानंतर अनेकांनी ही वाट चोखाळली. पॅरिसमध्ये राहणाऱ्या आंद्रे केर्तेस या हंगेरियन फोटोग्राफरने १९२८ मध्ये ताटलीच्या काठाला टेकवलेल्या एका काट्याचा फोटो काढला. काटा, ताटलीचा काठ आणि सावली, एवढंच त्यात आहे. अमेरिकेच्या एडवर्ड वेस्टनने १९३० मध्ये एक भोपळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली. ती मिरची कधी पाठ वळवून बसलेल्या माणसासारखी दिसते, कधी आवळलेल्या मुठीसारखी. त्याआधी मेक्सिकोत असताना त्याने चक्क संडासाच्या भांड्याचा फोटो काढला होता, आणि तोही देखणा आहे. आपण फोटोसाठी वापरलेले भाजीपाल्याचे नमुने नंतर खाऊन टाकतो, हेही त्याने रोजनिशीत गमतीने नोंदवलंय. मला ही गोष्ट आवडते. मिरचीचा आकार झाला म्हणून तिचं मिरचीपण संपलं नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे हे नव्हतं असं म्हणणाऱ्यांनी दोन नावं तरी वाचायला हवीत. गंमत म्हणजे दोघांचाही संबंध अलिबाग तालुक्यातल्या समुद्रकाठच्या गावांशी आहे.

पहिलं नाव प्रभाकर बरवे. जन्म १९३६, नागावचा. बरवे चित्रकार, फोटोग्राफर नव्हेत; तरी या विषयात त्यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही. पान, घड्याळ, शिंपला, लखोटा अशा रोजच्या वस्तू त्यांच्या चित्रांत येतात, पण टेबलावर मांडलेल्या येत नाहीत. मोकळ्या अवकाशात सुट्या सुट्या येतात, जणू कोणीतरी त्यांच्या पायाखालची जमीन अलगद काढून घेतलीय. मग पान आणि घड्याळ यांच्यात जो रिकामा भाग उरतो, तोच बोलायला लागतो. वस्तू, आकार आणि अवकाश यांच्याबद्दल बरव्यांनी 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक १९९० मध्ये लिहिलं, आणि मराठीत लिहिलं. वस्तूंकडे अमूर्ताच्या अंगाने बघण्याबद्दल इतकं शांतपणे लिहिलेलं पुस्तक आपल्या भाषेत असताना आपण 'हे आपलं नाही' कुठल्या तोंडाने म्हणतो?

दुसरं नाव नसरीन मोहमदी. जन्म १९३७, कराचीचा. वाढल्या मुंबईत, शिकवलं बडोद्यात. लोक त्यांना ओळखतात ते पेन-पेन्सिलच्या बारीक रेषांच्या चित्रांसाठी. पण त्या फोटोही काढत. रस्त्यावरचे पट्टे, फरशी, मागावरचे ताणलेले धागे, वाळूवर ओहोटीने सोडलेल्या खुणा, भिंतीवरची सावली. अलिबागजवळच्या किहीमला त्यांच्या कुटुंबाचं घर होतं, आणि तिथेच १९९० मध्ये त्या गेल्या. हे फोटो त्यांनी हयातीत प्रदर्शनात मांडले नाहीत. मागे राहिले आणि नंतर जगभर दाखवले गेले. लाइक मोजायच्या आजच्या दिवसांत ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. लोकांना दाखवायचं नसतानाही एक बाई वर्षानुवर्षं फरशीकडे आणि वाळूकडे बघत राहिली, ते कशासाठी? बघणं हेच काम आहे, अशी तिची खात्री असणार, असं मला वाटतं.

गोव्याचं म्हणाल तर साळगावात जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सोझा आणि मूळ गोमंतकीय घराण्यातले, नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे, दोघेही १९२४ चे. गायतोंड्यांनी वस्तू चित्रातून पार बाहेर काढली. सोझांनी ती ठेवली, पण कशी? त्यांच्या वस्तुचित्रांत चर्चमधली भांडी येतात. प्याले, पात्रं, जाड काळ्या रेषांनी आवळलेली, काटेरी. आम्ही लहानपणापासून दर रविवारी वेदीवर बघतो तीच ही पात्रं, पण सोझांच्या चित्रात ती नमस्कार घ्यायला उभी नाहीत. ती नुसती आहेत, जड आणि थोडी भीतीदायक. कॅथलिक घरात वाढलेल्या मला हे पटायला वेळ लागला नाही. मिस्सेत वेदीवर असतं काय? भाकर, द्राक्षारस, पाणी, मेणबत्ती, पांढरं कापड. सगळ्या रोजच्याच वस्तू. त्यांच्याकडे लक्ष देऊन बघायचं, हेच तर आम्हाला शिकवलेलं असतं.

आणि माझ्या हिंदू मैत्रिणींसाठी यापेक्षा जवळचं उदाहरण आहे: माटोळी. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंजन, चिबूड, केळी, रानातली कांगलां, कवंडळं बांधतात. जरा परक्या नजरेने बघा. चौकोनी पट्ट्यांची चौकट आहे. प्रत्येक वस्तू दुसरीपासून सुटी, दोरीला लटकलेली. जमिनीचा आधार नाही. स्वयंपाकात वापरायची म्हणून कोणी ती तिथे बांधलेली नाही. कवंडळ तर खातच नाहीत, तरी त्याच्या लालभडक रंगासाठी ते हवंच असतं. आकार, रंग, वजन आणि मधली मोकळी जागा बघून बांधणारा माणूस ठरवतो, इथे तोरिंजन, तिथे सुपारी. शेजारच्या घरी माटोळी बांधताना 'हें हांगा नाका, थंय जड जाता' अशी चर्चा मी दर वर्षी ऐकते. हा मर्ढेकरांचा समतोल नाही तर काय? बरव्यांच्या चित्रात तरंगणारं पान बघून ज्यांना 'हे काय' असं वाटतं, त्यांनी वर मान करून माटोळी बघावी. माटोळी हा धार्मिक विधी आहे, तिला मी आधुनिक कला ठरवत नाहीये. माझा मुद्दा एवढाच, की वस्तू तिच्या कामातून थोडा वेळ सोडवून बघायची सवय आपल्या गावांना जुनी आहे.

इथवर सगळं गोड झालं. आता आक्षेपांकडे वळते, कारण ते फालतू नाहीत.

पहिला आक्षेप: असल्या फोटोंत माणूस नसतो. कळशी वाहणारी बाई कुठे गेली? कळशीच्या मानेवरचा उजेड तुम्हाला दिसतो, तिच्या कमरेवरचा वळ दिसत नाही. हा आक्षेप मला टोचतो, आणि टोचायलाच हवा. पण मला आलेला एक अनुभव वेगळं सांगतो. आमच्या घरात आंघोळीचं पाणी तापवायचं एक जुनं तांब्याचं भाण आहे. गिझर आल्यापासून ते पालथंच पडून असतं. त्याच्या बुडाचा फोटो मी अगदी जवळून काढला. काळ्यावर काळं, मधे तांबूस डाग, एका बाजूला ओबडधोबड उंचवटा. मैत्रिणींना दाखवला. एकीला तो चंद्र वाटला, दुसरीला जळलेला पोळा. मग आजीला दाखवला. आम्ही तिला शामांय म्हणतो. तिने फोन डोळ्यांशी नेला आणि क्षणात म्हणाली, "हें म्हज्या भाणाचें बूड मगे!" कशावरून ओळखलंस विचारलं, तर तिने बोट ठेवलं नेमकं त्या उंचवट्यावर. तो डाक होता. भाण गळायला लागलं होतं तेव्हा लावून घेतलेला. मग डाक लावणारा कसा बसायचा, राख-चिंचेने घासताना तो उंचवटा बोटांना कसा लागायचा, हिवाळ्यात पहाटे कोण आधी उठायचं, असं सगळं निघालं. त्या भाणाचा साधा, अख्खा फोटो मी तिला आधी दाखवला होता. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "बरो आयला."

यातून मी काय शिकले ते सांगते. अमूर्त फोटो 'कळायला' कॉलेज लागत नाही. वस्तू हाताळलेली असावी लागते. आम्हा मुलींना त्यात चंद्र दिसला कारण आम्ही ते भाण कधी घासलं नव्हतं. फोटोत माणूस दिसत नव्हता हे खरं, पण माणसाचे हात त्या पृष्ठभागावर उमटलेले होते, आणि ते वाचता येणारं माणूस घरातच होतं. अख्खी वस्तू दाखवणारा फोटो 'हे भाण' एवढं सांगून गप्प बसतो. जवळ गेलेला फोटो विचारतो, 'हे काय?' आणि उत्तर द्यायला कोणीतरी पुढे यावं लागतं.

याचा पुरावा स्ट्रँडच्याच कामात आहे. 'कॅमेरा वर्क'च्या १९१७ च्या त्या शेवटच्या अंकात वाडग्यांच्या सोबतीला त्याचा आणखी एक फोटो छापलाय, न्यूयॉर्कच्या रस्त्यावरच्या एका बाईचा. तिच्या गळ्यात 'आंधळी' अशी पाटी आहे. पाटीवरची जाड अक्षरं, डोक्यावरचं काळं वस्त्र, मागचा दगड, आणि तो चेहरा. फोटोग्राफीच्या इतिहासातल्या विसरता न येणाऱ्या चेहऱ्यांपैकी हा एक. वाडग्यांचा आणि हा, दोन्ही फोटो एकाच वर्षाचे, एकाच माणसाचे. आकार बघायला शिकल्यामुळे स्ट्रँड माणसांपासून लांब गेला नाही. पुढे तो मेक्सिकोत, इटलीतल्या लुझारा गावात, घानात सामान्य लोकांचे फोटो काढत आयुष्यभर फिरला. पण एक गोष्ट इथे लपवून चालणार नाही. रस्त्यावरचे असे फोटो तो लोकांच्या नकळत, कॅमेऱ्याला खोटं भिंग लावून काढायचा. म्हणजे 'माणसाचा फोटो' म्हटल्यावर तो आपोआप माणुसकीचा होतो असंही नाही. वाडग्यांना विचारावं लागत नाही. माणसांना विचारावं लागतं.

दुसरा आक्षेप माझ्या मते सगळ्यात गंभीर आहे, आणि तो आपल्या तालुक्यातच उभा राहतो. डिचोली म्हणजे खाणपट्टा. माझ्या शाळेच्या पहिल्या वर्षांत रस्त्याकडेची झाडं हिरवी नसायची, लाल असायची. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली. २०१८ मध्ये ८८ लीजचं नूतनीकरण रद्द झालं आणि १६ मार्चपासून काम पुन्हा बंद पडलं. या सगळ्यात कोणाचं शेत गेलं, कोणाचा ट्रक बँकेने नेला, कोणाची विहीर आटली. आणि आज इंटरनेटवर खाणींचे ड्रोनने काढलेले फोटो फिरतात. लाल पायऱ्यांची वळणं, मधे पाचूसारखं हिरवं पाणी, वरून बघितलं तर एखाद्या मोठ्या चित्रकाराचा कॅनव्हासच. खाली प्रतिक्रिया: 'वॉव', 'सो ॲबस्ट्रॅक्ट'.

मला हे फोटो अस्वस्थ करतात. तेव्हा प्रश्न येतो, की मी कळशीच्या अमूर्त फोटोची बाजू घेते आणि खाणीच्या अमूर्त फोटोला नाक मुरडते, हा दुटप्पीपणा नाही का? मी यावर बराच विचार केलाय आणि माझं उत्तर असं आहे: अमूर्त होण्याच्या दोन वाटा आहेत. एक जवळ जाऊन, एक लांब जाऊन. जवळ गेलं की वस्तूचं नाव सुटतं, पण तिचा खरखरीतपणा, पोचे, डाग, डाक सगळं अंगावर येतं. लांब गेलं की उलटं होतं. खाणीचं नाव राहतं, पण तिथली धूळ, आवाज, माणसं, आटलेल्या विहिरी सगळं नाहीसं होतं आणि उरतो नुसता नक्षीदार रंग. पहिल्या वाटेने जाणाऱ्याला वस्तूसमोर वाकावं लागतं. दुसऱ्या वाटेने जाणारा जमिनीवर नसतोच. कॅनडाचे एडवर्ड बर्टिन्स्की खाणींचे अवाढव्य, सुंदर फोटो काढतात, आणि या सौंदर्याने बघणाऱ्याला जाग येते की झोप लागते, हा वाद त्यांच्याभोवतीही चालू असतो. मी त्यावर शेवटचा शब्द बोलणारी कोण? पण डिचोलीच्या खाणीचा अमूर्त फोटो कोणाला काढायचाच असेल, तर त्याने ड्रोन खाली ठेवावा आणि खाणीजवळच्या एखाद्या घराच्या खिडकीच्या गजावर बसलेल्या धुळीचा फोटो काढावा. जवळून. तो फोटो अमूर्तही होईल आणि खराही.

तिसरा आक्षेप बाजाराचा. हे सगळं आता जाहिरातवाल्यांनी गिळलंय, मग यात बंडखोर काय उरलं? खरं आहे. केर्तेसचा तो काटासुद्धा पुढे चांदीच्या काट्याचमच्यांच्या जाहिरातीत वापरला गेला. आज फोनची जाहिरात बघा, घड्याळाची बघा, काळ्या पार्श्वभूमीवर उजेडाची एक कड आणि नाव शेवटी. स्ट्रँडची सगळी युक्ती तिथे आहे. फरक कुठे असतो? मला वाटतं पृष्ठभागात. जाहिरातीतल्या वस्तूला भूतकाळ नसतो. तिच्यावर ओरखडा नाही, पाण्याचा पांढरा डाग नाही, बोटाचा ठसा नाही. ती बघून आपल्याला तशीच दुसरी वस्तू घ्यावीशी वाटते. चांगला फोटो बघून आपण आपल्याच घरातली वस्तू परत जाऊन बघतो. खरेदीची इच्छा झाली तर जाहिरात. घरी जाऊन भांडं उलटं करून बघावंसं वाटलं तर फोटो. ही कसोटी ढोबळ आहे, पण मला अजून तरी पुरलीय.

आता 'हेरिटेज'कडे येते, कारण माझं खरं भांडण त्याच्याशी आहे. गोव्याचे फोटो इतके निघालेत की आपणही आपल्या घराकडे पर्यटकाच्या डोळ्यांनी बघायला लागलोय. सोपो, बाल्कांव, शंखांच्या खिडक्या, तुळशीवृंदावन, पोदेराची सायकल, समई. प्रत्येक गोष्टीवर आधीच लेबल लागलेलं. डिचोलीचं पितळकाम आणि मातीकाम यांचंही तेच होतंय. समईचा फोटो 'पारंपरिक कला' या मथळ्याखाली येतो, आणि ती ओतणाऱ्या-घासणाऱ्या माणसाने तिच्या मानेला नेमकी ती जाडी का दिली, पाय एवढा रुंद का ठेवला, हे कोणी विचारत नाही. मथळा वाचून आपलं समाधान झालेलं असतं. वारसा हा शब्द आदराचा आहे, पण तो फार लवकर उच्चारला तर बघणं तिथेच थांबतं. समईची मान म्हणून न बघता एकावर एक रचलेले गोल म्हणून बघा, मग दिसतं की प्रत्येक गोल खालच्यापेक्षा थोडा लहान आहे आणि म्हणूनच ती इतकी उंच असून पडत नाही. हे कळल्यावर कारागिराबद्दल जो आदर वाटतो, तो मथळ्यातून येणाऱ्या आदरापेक्षा भक्कम असतो.

म्हणून मंडळाला आणि अंकाच्या संपादकांना माझ्या काही मागण्या आहेत. अंकात एक पान अशा फोटोंसाठी ठेवा. फोटोखाली शीर्षक नको. 'ग्रामीण जीवन', 'काळाच्या ओघात' वगैरे तर अजिबातच नको. वस्तू काय आहे ते पुढच्या पानावर सांगा, आणि तिथे वस्तू वापरणाऱ्या माणसाने फोटो बघून जे सांगितलं ते दोन ओळींत, त्याच्याच बोलीत छापा. कोकणी असेल तर कोकणीत. फोन कोणताही चालेल, फिल्टर नको. नवीन घेतलेली वस्तू नको. निदान दहा वर्षं हाताळलेली हवी. आडोळी म्हणा, विळी म्हणा, तिच्या पात्याचा झिजलेला बाक घ्या. रगड्याचा खोलगट झालेला मधला भाग घ्या. पोदेराच्या टोपलीची वीण घ्या. जुन्या छत्रीच्या काड्या घ्या. प्लॅस्टिकची बादलीही चालेल, उलट मला ती जास्त आवडेल, कारण प्लॅस्टिकला 'हेरिटेज' म्हणायची अजून कोणाची हिंमत झालेली नाही.

हे करून आपण कोणी स्ट्रँड किंवा नसरीन होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण आपण साहित्याचे विद्यार्थी आहोत, आणि आपलं सगळं काम शब्दांनी वस्तूंना हात लावण्याचं आहे. 'कळशी' हा शब्द आपण कवितेत, कथेत कितीदा लिहितो. तो लिहिताना डोळ्यांसमोर नेमकं काय असतं? बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी कवितेतली कळशी. एकदा तिच्या मानेवरचा उजेड, काठावरचा पोचा, बुडाचा डाक बघून घेतला, की पुढच्या वेळी शब्द लिहिताना हात थोडा थांबेल. तेवढं थांबणं आपल्या लेखनाला पुरेसं आहे, आणि कळशीला वारसा म्हणायचं की नाही ते त्यानंतर ठरवता येईल.